मधुमेही दृष्टिपटलविकार आणि आरएनए मेथिलीकरण

आरएनए मेथिलीकरण म्हणजे इथे दृष्टिपटलाच्या, म्हणजे बोलण्यातल्या ‘डोळ्याच्या पडद्याच्या’, पेशींत संदेशवाहक आरएनएला (प्रथिन बनवण्यासाठी निघणाऱ्या जनुकाच्या प्रतीला) मेथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा लहानसा गट, जोडून जनुकांची अभिव्यक्ती कमी-जास्त करणारी प्रक्रिया. डीएनएच्या मेथिलीकरणाशी हिची गल्लत करू नये. इथे जनुकाला हात लागत नाही. त्याची आरएनए प्रत किती काळ टिकेल आणि तिच्यावरून किती प्रथिन बनेल, एवढेच बदलते.

यातली सर्वांत मोठ्या प्रमाणावर आढळणारी खूण म्हणजे एम६ए, अर्थात आरएनएच्या चार अक्षरांपैकी एक असलेल्या अ‍ॅडेनिनच्या सहाव्या स्थानी असलेल्या नायट्रोजनवरचा मेथिल गट. सस्तन प्राण्यांच्या संदेशवाहक आरएनएत ती १९७४ मध्ये सापडली. पण ती कुठे कुठे बसते याचा नकाशा मिळायला २०१२ उजाडले. मेथिल गट असला तरी अ‍ॅडेनिनची नेहमीची जोडी जुळतेच, म्हणून आरएनएच्या अक्षरांचा क्रम वाचण्याच्या साध्या पद्धतीत खूण दिसत नाही. ती ओळखणाऱ्या प्रतिपिंडांनी आरएनएचे तुकडे वेचून काढावे लागले. एमईटीटीएल३ आणि एमईटीटीएल१४ ही विकरे (एन्झाइम) जोडीने खूण लावतात, एफटीओ आणि एएलकेबीएच५ ही विकरे ती पुसतात. वायटीएचडीएफ२ सारखी प्रथिने ती वाचतात आणि प्रत लवकर मोडीत काढतात.

मधुमेहात काय घडते ते पेरिसाइट पेशींत स्पष्ट दिसते. या पेशी केशवाहिनीला बाहेरून कवटाळून असतात आणि त्या झडणे हे मधुमेही दृष्टिपटलविकाराचे, म्हणजे मधुमेहाने दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या बिघडण्याचे, अगदी सुरुवातीचे लक्षण. उंदरांवरच्या प्रयोगांत मधुमेहामुळे पेरिसाइटमधले एमईटीटीएल३ वाढलेले आढळले. त्यामुळे पीडीजीएफआरए या, पेरिसाइटच्या तगण्याशी निगडित ग्राहकाच्या (पेशीबाहेरचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाच्या) आरएनएवर जास्त खुणा बसतात, वायटीएचडीएफ२ त्या वाचते आणि प्रती नष्ट होतात. केवळ पेरिसाइटमधून एमईटीटीएल३ काढून टाकल्यावर रक्तवाहिन्यांची हानी कमी झाली.

यावरून एमईटीटीएल३ ला खलनायक ठरवणे मात्र चूक आहे. दृष्टिपटलाच्या रंजक पेशी जास्त ग्लुकोजमध्ये वाढवल्या तर त्यांच्यात तेच विकर कमी होते, आणि ते वाढवले की पेशी वाचतात. तिथे ते मिआर-२५-३पी या सूक्ष्म आरएनएच्या घडणीला मदत करते. हा सूक्ष्म आरएनए पीटीईएन या अडसर घालणाऱ्या प्रथिनाला आवरतो आणि पेशी जगवणारा एकेटी हा संदेशमार्ग सुरू राहतो. विकर एकच, परिणाम उलटे. म्हणून ‘मेथिलीकरण वाढले की घटले’ या प्रश्नाला पेशी आणि आरएनएचे नाव सांगितल्याशिवाय अर्थ नाही, आणि या विषयावर वाचताना हीच गोष्ट आधी तपासावी.



बहुतेक पुरावा उंदीर आणि प्रयोगशाळेतल्या पेशींमधला आहे. दवाखान्यातले उपचार आजही मुख्यतः लेसर आणि व्हीईजीएफ-रोधक (रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखणारी) इंजेक्शने हेच. एमईटीटीएल३ रोखणारा एसटीएम२४५७ हा रेणू २०२१ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी उंदरांत तपासला गेला. तसे औषध डोळ्यात वापरायचे तर ते नेमक्या पेशींपुरते पोचवावे लागेल, कारण उंदरांच्या दंडपेशींतून (अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या पेशींतून) एमईटीटीएल१४ काढल्यावर त्या पेशी मरू लागल्या आणि दृष्टी ढासळली.