ऑटिझम : वागणे दिसते, कारण दिसत नाही

एखाद्या मुलाला ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, आहे की नाही हे सांगणारी रक्ताची चाचणी अजून उपलब्ध नाही, आणि मेंदूचा एमआरआय काढूनही त्याचे निदान होत नाही. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ मुलाचे वागणे बारकाईने पाहतात, त्याच्या पहिल्या काही वर्षांची माहिती पालकांकडून घेतात आणि ती ठरावीक निकषांशी पडताळून निष्कर्ष काढतात. अनुभवी तज्ज्ञाने असे केलेले निदान विश्वसनीय असते. मात्र बाहेर जे वागणे दिसते त्याचा अर्थ पाहणाऱ्यालाच लावावा लागतो, आणि हा अर्थ लावताना समाजाच्या तर चुका झाल्याच, पण गेल्या ऐंशी वर्षांत तज्ज्ञांच्याही झाल्या. ऑटिझमविषयीचे बहुतेक गैरसमज याच चुकांतून आलेले आहेत.

आज वापरले जाणारे निकष अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या २०१३ मधील निदानसंहितेत दिलेले आहेत. त्यांचे दोन गट आहेत. पहिला गट सामाजिक संवादातील अडचणींचा आहे. दुसऱ्या गटात तेच ते वागणे, मोजक्याच विषयांत असलेला अतिशय तीव्र रस, नित्यक्रमातील बदल सहन न होणे आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांसारख्या संवेदनांना नेहमीपेक्षा फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणे, या गोष्टी येतात. दोन्ही गटांतील लक्षणे असावी लागतात, त्यांची सुरुवात बालपणीच झालेली असावी लागते आणि रोजच्या जगण्यावर त्यांचा परिणाम होत असावा लागतो. त्यामुळे एखादे मूल केवळ लाजाळू किंवा एकलकोंडे आहे म्हणून त्याला स्वमग्न म्हणता येत नाही.

पहिल्या गटातील अगदी लवकर दिसणारी एक खूण सहज निसटते. वर्षाच्या आसपासचे मूल दोन कारणांसाठी बोट दाखवू लागते. एक म्हणजे हवी असलेली वस्तू मागण्यासाठी, आणि दुसरे म्हणजे आपण जे पाहतो आहोत ते समोरच्यानेही पाहावे यासाठी. आकाशातला पक्षी त्याला हातात नको असतो. आईनेही तो पाहावा एवढीच त्याची इच्छा असते. स्वमग्न मुलांमध्ये हे दुसऱ्या प्रकारचे बोट दाखवणे बऱ्याचदा उशिरा येते किंवा येतच नाही. भाषेच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण मोठे माणूस आणि मूल एकाच वस्तूकडे पाहत असताना उच्चारलेला शब्द मुलाच्या मनात त्या वस्तूशी जोडला जातो. नावाने हाक मारल्यावर वळून न पाहणे, हावभावांचे अनुकरण न करणे आणि आधी येत असलेले शब्द दीड-दोन वर्षांच्या सुमारास नाहीसे होणे, याही लक्ष देण्यासारख्या खुणा आहेत. हाकेला प्रतिसाद नसेल तर श्रवणचाचणी आधी करावी; पण "मुलगे उशिराच बोलतात" असे म्हणून वाट पाहत राहू नये.

संवेदनांच्या वेगळेपणाला निकषांत स्पष्ट स्थान मिळाले ते २०१३ मध्ये. ऑटिस्टिक प्रौढ व्यक्ती त्याआधी कितीतरी वर्षे स्वतःच्या लेखनातून हेच सांगत होत्या, तरी त्याला इतका वेळ लागावा, हे मला या शास्त्राच्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण वाटते. गर्दीच्या खोलीत बसलो असताना पंख्याची घरघर, बाजूच्यांची कुजबुज आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज आपला मेंदू आपोआप मागे सारतो आणि समोरच्याचे बोलणे पुढे आणतो. अनेक स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत ही निवड इतक्या सहजपणे होत नाही. सगळे आवाज जवळजवळ सारख्याच जोराने येऊन आदळतात. काहींना कपड्याच्या आतल्या शिवणीचा स्पर्श असह्य होतो. याउलट काहींना वेदना किंवा थंडी फारशी जाणवत नाही. डोळ्याला डोळा न देण्याचा अर्थ आपण बेपर्वाई किंवा उद्धटपणा असा लावतो. पण समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे आणि त्याचे बोलणे समजून घेणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमत नाहीत, असे अनेक ऑटिस्टिक व्यक्ती सांगतात.

या दृष्टीने पाहिले की बाजारात जमिनीवर लोळण घेऊन किंचाळणाऱ्या मुलाविषयीचा आपला निष्कर्षही बदलतो. हट्टाला हेतू असतो आणि मागितलेली वस्तू मिळाली की तो थांबतो. संवेदनांचा किंवा अचानक बदलाचा भार असह्य होऊन झालेल्या उद्रेकामागे काही मिळवण्याचा हेतू नसतो, म्हणून खाऊ देऊन किंवा धपाटा घालून तो आवरत नाही. आवाज व गर्दी कमी करून, शक्य तितके कमी बोलून वाट पाहणे हाच मार्ग उरतो. हात फडफडवणे किंवा पुढेमागे डोलणे यांतूनही अनेक मुले स्वतःला शांत करत असतात. त्यात इजा होत नसेल तर ते जबरदस्तीने थांबवण्याने मुलाजवळचे एक साधन मात्र हिरावले जाते.

चुकीच्या अर्थाची सर्वांत मोठी किंमत आयांनी मोजली. बाल्टिमोरमधील मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ही अवस्था जन्मजात असावी असे नोंदवले. पण त्याच लेखात या मुलांच्या पालकांमध्ये मायेची ऊब कमी दिसते, असेही निरीक्षण होते. पुढची दोन दशके हा दुसरा मुद्दाच फोफावला, आणि आईच्या थंडपणामुळे मूल स्वतःत मिटून जाते हा विचार मान्यता पावला. प्रतिसाद न देणाऱ्या मुलाला सांभाळून थकलेली आई दूरस्थ दिसू शकते, म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली असू शकते, हे फार थोड्यांनी विचारात घेतले. सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या, म्हणजे जनुके सारखीच असलेल्या, जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांमध्ये दोन्ही मुलांना ऑटिझम होता. भिन्न जुळ्यांच्या दहा जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. संख्या लहान होती, पण दिशा स्पष्ट होती. पाच देशांतील सुमारे वीस लाख मुलांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ मधील अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के आढळला. मात्र याला जबाबदार असे एकच जनुक नाही. शेकडो जनुकांचा संबंध दिसतो, आणि काही बदल तर आईवडिलांमध्ये नसून मुलातच नव्याने झालेले असतात.

लसीचा मुद्दा थोडक्यात संपवता येतो. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ मधील शोधनिबंध केवळ बारा मुलांवर आधारलेला होता. २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला आणि त्याच्या मुख्य लेखकाचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही.

आकडे वाढत आहेत, हे मात्र खरे. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांमधील प्रमाण २००० मध्ये १५० मागे १ असे नोंदले गेले होते. २०२२ च्या पाहणीत ते ३१ मागे १ झाले. या वाढीचा मोठा भाग विस्तारलेले निकष, लहान वयातच होणारी तपासणी आणि पूर्वी ज्यांना केवळ मतिमंद किंवा विक्षिप्त म्हटले जाई त्यांचे होऊ लागलेले योग्य निदान यांतून आला आहे. मुलींची नोंदही आता वाढते आहे. मैत्रिणींचे हसणे-बोलणे पाठ करून, संभाषणाचा मनात सराव करून अनेक मुली आपले वेगळेपण झाकतात. शिक्षकांना ती शांत, गुणी मुलगी वाटते. या अभिनयाचा थकवा घरी आल्यावर बाहेर पडतो आणि निदान कित्येकदा प्रौढपणी, नैराश्य किंवा चिंतेवरील उपचारांच्या ओघात होते.

स्वमग्न व्यक्तींना दुसऱ्यांच्या भावना कळत नाहीत, हे विधानही तपासून घ्यायला हवे. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी समजूत असू शकते हे ओळखण्याच्या १९८५ मधील प्रसिद्ध प्रयोगात वीसपैकी सोळा ऑटिस्टिक मुले चुकली, आणि त्यावरून दोष पूर्णपणे त्यांच्याकडे टाकला गेला. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये वेगळी मांडणी केली : न समजणे हे दोन्ही बाजूंचे असते. पुढे एडिंबरामधील संशोधकांनी एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट सांगत जाण्याचा प्रयोग केला, तेव्हा केवळ ऑटिस्टिक व्यक्तींच्या साखळीत माहिती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. मिश्र साखळीत मात्र ती अधिक गळाली.

अर्थात या सर्वांवरून ऑटिझम म्हणजे फक्त वेगळी विचारपद्धती, असे म्हणणे अपुरे ठरेल. काही जण नोकरी करतात, संसार करतात. काहींना आयुष्यभर चोवीस तास मदत लागते. बौद्धिक अक्षमता किंवा अपस्मार सोबत असणेही दुर्मीळ नाही. अचाट स्मरणशक्तीच्या अपवादात्मक उदाहरणांना मिळणाऱ्या प्रसिद्धीमुळे या कुटुंबांच्या गरजा मागे पडतात.

ऑटिझम बरा करणारे औषध नाही, आणि तसा दावा करून दिली जाणारी रसायने, विशेषतः शरीरातील धातू काढण्याच्या नावाखालील औषधे आणि ब्लीचसारखी द्रावणे, जिवावर बेतू शकतात. वाचा-भाषा उपचार, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे जमावीत यासाठीचे उपचार) आणि पालकांना मिळणारे प्रशिक्षण यांचा मात्र उपयोग होतो. न बोलणाऱ्या मुलाला चित्रांचे कार्ड किंवा टॅबलेट दिल्यास ते बोलायचे टाळेल, ही भीती अभ्यासांतून खरी ठरलेली नाही. उलट "दुखते", "नको", "आवाज" एवढे तीन शब्द जरी त्याला दाखवता आले, तरी त्याच्या वागण्याचा अंदाज बांधण्याची गरज बरीच कमी होते. जिथे एवढीही सोय झालेली नाही, तिथे एखादे मूल अचानक डोके आपटू लागले किंवा स्वतःला चावू लागले, तर ते ऑटिझममुळेच होत आहे असे गृहीत न धरता त्याचे कान, दात आणि पोट डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावेत.