पाण्याचे सूत्र पन्नास वर्षे का अडले?

१८५० च्या सुमारास युरोपात पाण्याची दोन सूत्रे एकाच वेळी चलनात होती. काहीजण ‘एचओ’ लिहीत, काहीजण ‘एचटूओ’. प्रयोगांबद्दल त्यांच्यात वाद नव्हता. वजनांचे आकडेही तेच होते. शाळेच्या पुस्तकात डाल्टन आणि अ‍ॅव्होगाड्रो एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदतात, त्यामुळे मधला हा घोळ दिसतच नाही.

पाणी हे मूलद्रव्य नव्हे, हे त्याआधीच सिद्ध झाले होते. कॅव्हेंडिशने १७८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ज्वालाग्राही वायू, म्हणजेच हायड्रोजन, जाळून पाणी मिळवले. लाव्हाझिएने उलट वाट धरली. लालबुंद तापवलेल्या लोखंडी नळीतून वाफ सोडली की ऑक्सिजन लोखंडाशी संयोग पावतो आणि हायड्रोजन बाहेर पडतो, हे त्याने दाखवले. १८०० मध्ये व्होल्टाच्या विद्युतघटाची बातमी लंडनला पोचताच निकल्सन आणि कार्लाइल यांनी पाण्यात विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा एका तारेपाशी हायड्रोजन आणि दुसरीपाशी ऑक्सिजन निघाला.

पुढच्या काटेकोर मोजमापांतून वजनांचे प्रमाण हाती आले: १ भाग हायड्रोजनला साधारण ८ भाग ऑक्सिजन. पण या प्रमाणावरून सूत्र ठरत नाही. हायड्रोजनचा अणू १ मानला आणि पाण्यात दोन्हींचा एकेक अणू धरला, तर ऑक्सिजन ८ येतो. हायड्रोजनचे दोन अणू धरले तर १६ येतो. समीकरण एकच आणि अज्ञात राशी दोन, असा हा प्रकार. अणूंची संख्या कळल्याशिवाय अणूचे वजन कळत नाही आणि वजन कळल्याशिवाय संख्या कळत नाही.

डाल्टनने ही कोंडी नियम करून फोडली. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात दोन्हींचा एकेक अणू धरायचा. हायड्रोजन पेरॉक्साइड सापडायला १८१८ उजाडणार होते, म्हणून त्याच्या हिशेबी पाणी ‘एचओ’ झाले. या नियमाला सोपेपणाखेरीज दुसरा आधार नव्हता.

खरा पुरावा आकारमानात होता. हम्बोल्ट आणि गे-ल्युसॅक यांनी १८०५ मध्ये मोजले, तेव्हा १०० घनफळ ऑक्सिजनला जवळजवळ २०० घनफळ हायड्रोजन लागला. वाफही २०० घनफळच तयार होते. समान घनफळात समान कण असतात असे मानले, तर ऑक्सिजनच्या एका कणापासून वाफेचे दोन कण बनतात. म्हणजे ऑक्सिजनचा कण दुभंगायला हवा. १८११ मध्ये अ‍ॅव्होगाड्रोने नेमके हेच मांडले: वायूंचे कण म्हणजे रेणू, आणि ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. डाल्टनला हे पटले नाही. स्वतःच्या सर्वांत अचूक प्रयोगात ऑक्सिजनच्या एका घनफळाला २ नव्हे, १.९७ घनफळ हायड्रोजन मिळाला, असे त्याने १८१० मध्येच लिहून ठेवले होते.

आकड्यांतली ही तूट आजही प्रयोगशाळेत भेटते, फक्त ती बहुधा ऑक्सिजनच्या बाजूला पडते. हॉफमनच्या उपकरणात विरल सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या पाण्याचे अपघटन केले की ऑक्सिजन हायड्रोजनच्या निम्म्याहून थोडा कमी भरतो. तो पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो आणि त्यातला थोडासा ओझोनही होतो. प्लॅटिनमऐवजी कार्बनच्या कांड्या वापरल्या तर धनाग्र स्वतःच झिजून कार्बन डायऑक्साइड बनतो आणि प्रमाण आणखी बिघडते. आम्लाऐवजी मीठ घातले, तर धनाग्रावर ऑक्सिजनच्या जोडीला क्लोरीन निघतो. बऱ्याचदा मुख्यतः क्लोरीनच. विरघळण्याने येणारी तूट टाळायची, तर तोट्या उघड्या ठेवून आधी काही वेळ प्रवाह चालू द्यावा, द्रावण वायूंनी संपृक्त होऊ द्यावे आणि मगच वायू गोळा करून मोजावेत.

तरीही अ‍ॅव्होगाड्रोला मागे ढकलले ते मोजमापांनी नव्हे. अडचण बंधाच्या कल्पनेत होती. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झीलियसच्या मते अणू जोडले जातात ते विरुद्ध विद्युतभारांमुळे. मग ऑक्सिजनला ऑक्सिजन चिकटेलच कसा? डाल्टनचे अणू तर उष्णतेच्या वेष्टनामुळे आपल्याच जातीच्या अणूंना दूर लोटत. तर्क चोख होता, गृहीतक चुकीचे होते.

सुटका केली इटालियन रसायनशास्त्रज्ञ कान्निझारोने, तीही बंधाचा प्रश्न बाजूला ठेवून. १८५८ च्या निबंधात त्याने वायूंच्या घनतेवरून रेणूंची वजने काढली आणि प्रत्येक रेणूत एकेका मूलद्रव्याचा वाटा किती, ते मांडले. आजच्या आकड्यांत सांगायचे तर पाण्याच्या १८ मध्ये ऑक्सिजन १६, कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये १६, कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये ३२. १६ पेक्षा कमी कुठेच नाही, म्हणून ऑक्सिजनचा अणू १६. हायड्रोजन क्लोराइडमध्ये हायड्रोजन १, पाण्यात २, अमोनियात ३. म्हणजे पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू. सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत या निबंधाच्या प्रती वाटल्या गेल्या. तिथे अणूंच्या वजनांवर एकमत असे झाले नाही, पण पुढे आवर्तसारणी मांडणारे लोथर मायर आणि मेंडेलीव्ह दोघेही ते विचार घेऊन परतले.

बर्झीलियसच्या आक्षेपाला उत्तर मिळाले १९१६ मध्ये. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लुईसने सुचवले की दोन अणू इलेक्ट्रॉनची एक जोडी वाटून घेतात. भार विरुद्ध असण्याची गरजच नाही, त्यामुळे सारखे अणूही जुळतात. पाण्यात ऑक्सिजनच्या सहा बाह्य इलेक्ट्रॉनांपैकी दोन हायड्रोजनशी सामाईक होतात, उरलेल्या चारांच्या दोन एकाकी जोड्या राहतात. त्या जास्त जागा व्यापतात, म्हणून दोन बंधांमधला कोन चतुष्फलकाच्या १०९.५ ऐवजी १०४.५ अंश भरतो. ऑक्सिजन सामाईक जोडी स्वतःकडे ओढतो, त्यामुळे रेणू ध्रुवीय होतो, म्हणजे त्याची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन होते.

१९२० मध्ये लॅटिमर आणि रोडबुश यांनी रेणूंमधल्या हायड्रोजन बंधाची कल्पना मांडली: एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. इलेक्ट्रॉनची जोडी वाटून झालेल्या एका सहसंयुज बंधाच्या मानाने तो फार दुबळा, साधारण विसाव्या हिश्शाचा. पण हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंश सेल्सिअसला उकळतो आणि त्याहून हलका रेणू असलेले पाणी १०० ला, हा फरक त्याचाच. पॉलिंगच्या काळापासून या बंधासाठी फ्लोरिन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांचीच नावे घ्यायची पद्धत पडली. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघाने व्याख्या बदलून कार्बनला जोडलेल्या हायड्रोजनलाही त्यात जागा दिली. हे काम करणाऱ्या गटाचे नेतृत्व बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील इ. अरुणन यांच्याकडे होते.