अग्निरोधक कडक फोम आणि त्याची फेनकारके (कोकण किनारपट्टी)

कडक फोम म्हणजे बंद कप्प्यांचा, हलका, हाताने दाबला तरी न दबणारा प्लॅस्टिक पदार्थ. उष्णतारोधक म्हणून तो शीतगृहाच्या भिंतींत, फ्रिजच्या दारात, प्रशीतक कंटेनरमध्ये आणि मासेमारी नौकेच्या बर्फकप्प्यात भरला जातो. बाजारात त्याला सरसकट 'पफ' म्हणतात. तो मुख्यतः पॉलियुरेथेनचा असतो. पॉलिआयसोसायन्युरेट (पीआयआर) आणि फेनॉलिक फोम हे त्याचे अधिक अग्निरोधक भाऊबंद. थर्माकोल, म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिन, हाही कडक फोमच. पण तो तापला की वितळतो आणि पेटता ठिबकतो, त्यामुळे आगीच्या दृष्टीने त्याची जात वेगळी.

आंबोळीला पडते ती जाळी उघडी असते. कडक फोममधला प्रत्येक कप्पा मात्र चहूबाजूंनी बंद असतो. ४० किलो प्रति घनमीटर घनतेच्या पफमध्ये प्लॅस्टिक जेमतेम ३ टक्के जागा व्यापते, उरलेली जागा वायूची. म्हणून फोम किती उष्णता अडवणार हे बहुतांशी आत कोंडलेल्या वायूवर ठरते. हा वायू पुरवणारा पदार्थ म्हणजे फेनकारक. कारखान्यात त्याला 'ब्लोइंग एजंट' म्हणतात. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन असते. चांगल्या फेनकारकाने फुगवलेल्या ताज्या पफची ती ०.०२० ते ०.०२४ भरते, थर्माकोलची ०.०३५च्या आसपास. म्हणजे तेवढाच गारवा टिकवायला थर्माकोलचा थर दीडपट जाड लागतो, आणि तेवढी मासळीची जागा कमी होते.

या विषयाची खरी अडचण अशी की आगीला सर्वांत निरुपद्रवी असलेले फेनकारक वातावरणाला सर्वांत घातक निघाले, आणि वातावरणाला निरुपद्रवी असलेले स्वस्त फेनकारक स्वतःच पेटते. गेल्या चार दशकांतले या क्षेत्रातले बहुतेक संशोधन या पेचातून वाट काढण्यासाठी झाले आहे.

ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. पुढे कडक फोम फुगवायला सीएफसी-११ हा क्लोरीन आणि फ्लोरिनयुक्त पदार्थ (क्लोरोफ्लुओरोकार्बन) रूढ झाला. तो जळत नाही, २४ अंश सेल्सिअसला उकळतो, उष्णता फारशी वाहू देत नाही आणि घटकद्रव्यांशी त्याचे भांडण नाही. कारखानदाराला यापेक्षा काय हवे? १९७४ मध्ये मारियो मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले की असे पदार्थ वरच्या वातावरणात जाऊन फुटतात आणि त्यांतला क्लोरीन ओझोनचा नाश करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोन-विवराचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोननाशक पदार्थांना आळा घालणाऱ्या मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला.

सीएफसी-११च्या जागी एचसीएफसी-१४१बी हे त्याचे हायड्रोजनयुक्त भावंड आले. त्याची ओझोननाशक क्षमता सीएफसी-११च्या सुमारे एक नवमांश, पण शून्य नव्हे. भारतात फोम उद्योगातला त्याचा वापर १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. त्यानंतरच्या एचएफसी-२४५एफए या क्लोरीन नसलेल्या पदार्थाने ओझोनला धक्का लागत नाही. मात्र त्याची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजारपट आहे. मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने एचएफसींनाही उतरती कळा लावली. भारताने ती दुरुस्ती २०२१ मध्ये मान्य केली. भारतासाठी २०२८ पासून वापर गोठेल आणि २०३२ ते २०४७ या काळात तो टप्प्याटप्प्याने ८५ टक्के कमी होईल. कागदावर बंदी आली की विषय संपला असे मात्र नाही. २०१८ मध्ये सीएफसी-११चे उत्सर्जन अनपेक्षितपणे वाढल्याचे लक्षात आले आणि त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे पुढच्या वर्षी दिसून आले. फोमनिर्मितीतला चोरटा वापर हेच त्याचे संभाव्य कारण मानले गेले.

आज हाताशी असलेल्या पर्यायांत सायक्लोपेंटेन सर्वांत पुढे आहे. ते ओझोनला अपाय करत नाही, तापमानवाढीत त्याचा वाटा नगण्य, किंमत आवाक्यातली. पण ते पेट्रोलसारखे ज्वालाग्राही आहे आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास मिसळले तरी ठिणगीने भडकते. ते वापरायचे तर वायूगळती ओळखणारे संवेदक, सतत चालणारे वायुवीजन, ठिणगी न पडणारी विद्युत जोडणी आणि यंत्रांचे भूयोजन (अर्थिंग) हवे. फ्रिज बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याला हे झेपते. गोदीजवळच्या गाळ्यात दोन कामगारांना घेऊन बर्फपेट्या भरणाऱ्याला झेपत नाही, आणि त्याने तसा प्रयत्न करूही नये.

लहान उद्योगासाठी दोन वाटा उरतात. पहिली पाण्याची. पॉलियुरेथेन हे पॉलिओल आणि आयसोसायनेट या दोन द्रवांच्या अभिक्रियेतून बनते. त्यातल्या आयसोसायनेटची पाण्याशीही अभिक्रिया होते आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तोच फोम फुगवतो. वेगळे फेनकारक लागत नाही. पण आयसोसायनेट जास्त खर्ची पडते, फोम ठिसूळ होऊ शकतो, आणि कार्बन डायऑक्साइड कप्प्यांतून लवकर निसटून हवा आत येत असल्याने उष्णतारोध काळानुसार घटतो. दुसरी वाट मिथाइल फॉर्मेटची. तेही ज्वालाग्राही, मात्र पॉलिओलमध्ये आधीच योग्य प्रमाणात मिसळून पुरवले तर धोका बराच आटोक्यात येतो. ओलावा लागला की त्याचे फॉर्मिक आम्ल होते, त्यामुळे पिंपाचे झाकण उघडे ठेवून चालत नाही.

हायड्रोफ्लुओरो-ओलेफिने, म्हणजे एचएफओ, ही नवी पिढी. एचएफओ-१२३३झेडडी आणि एचएफओ-१३३६एमझेडझेड ही त्यांतली दोन मुख्य. ती जळत नाहीत, वातावरणात काही दिवस-आठवड्यांतच मोडतात आणि उष्णतारोध उत्तम देतात. तरीही त्यांना निर्दोष म्हणता येत नाही. त्यांतल्या काहींच्या विघटनातून ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल तयार होते आणि ते पाण्यात दीर्घकाळ टिकते. नेहमीच्या अमाइन उत्प्रेरकांशी त्यांची हळूहळू अभिक्रिया होऊन तयार मिश्रण साठवणीत बिघडते. शिवाय ती महाग आहेत. कोकणातल्या साठवणीचा आणखी एक मुद्दा उकळबिंदूचा. एचएफओ-१२३३झेडडी सुमारे १९ अंशांना उकळते, एचएफसी-२४५एफए १५ अंशांना. मे महिन्यातल्या ३४-३५ अंशांच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पिंपात दाब चढतो. झाकण सैल करताच द्रव्य फसफसून निघून जाते आणि उरलेल्या मिश्रणाचा फोम नीट फुगत नाही. एचएफओ-१३३६एमझेडझेडचा उकळबिंदू ३३ अंश असल्याने या हवामानात ते हाताळायला सोपे.

फेनकारक कोणतेही असो, आगीचा मुख्य प्रश्न फोमच्या सांगाड्याचा आहे. साधे पॉलियुरेथेन २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान मोडू लागते, त्यातून ज्वलनशील वायू सुटतात आणि काळा धूर होतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असते. बंद खोलीत ज्वाळेआधी माणसाला गाठतो तो धूर. म्हणून 'पेटतो की नाही' एवढ्यावर थांबणारी चाचणी मला अपुरी वाटते. उष्णता किती वेगाने बाहेर पडते आणि धूर किती होतो हेही मोजायलाच हवे.

सांगाडा सुधारण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग पीआयआर. यात आयसोसायनेटचे प्रमाण मुद्दाम दुप्पट-तिप्पट वाढवतात आणि पोटॅशियमच्या क्षारांसारखे उत्प्रेरक घालून तीन आयसोसायनेट गटांचे एक वलय घडवतात. हे वलय साध्या पफमधल्या युरेथेन बंधापेक्षा जास्त तापमानाला टिकते आणि जळताना पृष्ठभागावर कोळशाचा थर धरते. तो थर खालच्या फोमचे रक्षण करतो. सायक्लोपेंटेनने फुगवलेला पीआयआर फोम आज जगभर दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पॅनेलांत वापरला जातो; वायू ज्वलनशील असूनही सांगाडा आग अडवतो. फेनॉलिक फोम याहून सरस, त्याचा धूरही फार कमी. पण तो घडवताना आम्ल उत्प्रेरक लागतो. उरलेले आम्ल दमट हवेत सुटून पोलादी पत्रा खाते, आणि हा दोष कोकणात दुपटीने जाणवतो.

ज्वालारोधक मिसळणे हा दुसरा मार्ग. टीसीपीपी हे क्लोरीन आणि फॉस्फरसयुक्त द्रव्य स्वस्त आणि सर्वत्र रूढ आहे. हॅलोजनयुक्त (म्हणजे क्लोरीन, ब्रोमीन असलेले) ज्वालारोधक पर्यावरणात साठत जातात ही चिंता आता नुसती शंका राहिलेली नाही: पॉलिस्टायरिन फोममध्ये सर्रास वापरले जाणारे एचबीसीडी हे ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक २०१३ मध्ये दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. त्यामुळे हॅलोजनविरहित फॉस्फरस संयुगे, अमोनियम पॉलिफॉस्फेट आणि फुगणारे ग्राफाइट यांच्याकडे कल वाढला आहे. हे ग्राफाइट सुमारे २०० अंशांना अळ्यांसारखे फुगून फोमवर काळे कवच धरते. मात्र त्याचे कण टाकीच्या तळाशी बसतात, पंप घासतात, आणि मिश्रणयंत्रात भरडले गेले की फुगण्याची ताकद गमावतात.

कोकणात या फोमचे मोठे गिऱ्हाईक मासळी. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण अशा बंदरांतल्या यांत्रिक नौका कित्येक दिवस समुद्रात राहतात. चुरा बर्फ तोवर टिकला तरच मासळीला भाव येतो. नौकेच्या कप्प्यात लाकूड किंवा फायबरच्या दोन भिंतींमध्ये फोम ओततात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि दुरुस्ती तेव्हाच उरकायची असते. म्हणजे फोम ओतण्याचे काम नेमके वर्षातल्या सर्वांत दमट हवेत येते.

हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. एका डब्यात पिवळसर पॉलिओल, दुसऱ्यात गडद तपकिरी आयसोसायनेट. दोन्ही एकत्र करून जोरात ढवळले की काही सेकंदांत मिश्रण फिकट पडते, साईसारखे होते आणि फटीत ओतताच चढू लागते; दोन-तीन मिनिटांत बोटाला चिकटेनासे होते. लाकूड ओले असेल तर आयसोसायनेट तिथल्या पाण्याशीच जुळते, भिंतीलगत मोठे, ठिसूळ बुडबुडे धरतात आणि फोम लाकडाला चिकटत नाही. पुढे त्याच फटीतून बर्फाचे पाणी आत शिरते, फोम ओला होऊन जड होतो आणि गारवा धरेनासा होतो. दुसरी चूक अधिक गंभीर. घाईने एकाच वेळी जाड थर ओतला तर अभिक्रियेची उष्णता आतच कोंडते, मधला भाग करपतो, आणि मोठ्या ठोकळ्यात तो आपोआप पेटूही शकतो. पाण्याने फुगवलेल्या फोममध्ये ही उष्णता जास्त असते. त्यामुळे पातळ थर ओतायचा, तो निवू द्यायचा, मग दुसरा. आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना घातक असून तिच्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून ती अडत नाही, योग्य मुखवटा लागतो.

नौकेवर आग लागण्याची ठिकाणे ठरलेली: इंजिनाची खोली, स्वयंपाकाचा गॅस, जुनी वायरिंग आणि किनाऱ्यावर असताना चाललेले वेल्डिंग. उघडा पडलेला फोम यांपैकी कशाच्याही शेजारी असू नये. फायबरचा किंवा पत्र्याचा अखंड थर त्यावर हवाच. समुद्रात अग्निशामक दल येत नाही, तांडेल आणि खलाशी यांनाच निभवावे लागते. म्हणून नौकेसाठी साध्या पफऐवजी पीआयआर किंवा ज्वालारोधक घातलेला फोम घ्यावा, जरी तो महाग पडला तरी.

जमिनीवर हापूस आंब्याची आणि मासळीची शीतगृहे तयार पॅनेलांनी उभारली जातात. दोन पत्र्यांमधला फोम पेटला तर आग आतल्या आत सरकते आणि बाहेरून मारलेले पाणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. खारी हवा इथे आणखी एक धोका वाढवते. पत्र्याच्या कापलेल्या कडा आणि स्क्रूभोवतीची भोके आधी गंजतात, सांधे उघडतात आणि फोम उघडा पडतो. प्रयोगशाळेत पास झालेले पॅनेल पाच-सहा पावसाळ्यांनंतर तेच राहत नाही. कापलेल्या कडा झाकणे, वायर पॅनेलमधून नेताना न जळणारी नळी घालणे आणि दुरुस्तीच्या वेल्डिंगआधी आजूबाजूचा फोम काढणे ही कामे त्यामुळे फोमच्या निवडीइतकीच मोलाची ठरतात. भारतीय मानक आयएस १२४३६ पॉलियुरेथेन आणि पीआयआर फोमसाठी आहे. खरेदीच्या वेळी पुरवठादाराकडे त्यानुसारचा चाचणी अहवाल मागावा.

गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ दाभोळचे एलएनजी टर्मिनल आहे. द्रव नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांना साठवतात. अशा टर्मिनलांच्या नळवाहिन्यांवर पीआयआर फोम सर्रास वापरतात. तिथे फोमवरच्या बाष्परोधक थराला चीर गेली तर दमट हवेतले पाणी आत जाऊन गोठते आणि आवरण फाडते.

या फोमच्या कच्च्या मालात कोकणाचा स्वतःचा वाटा काजूच्या टरफलातून येऊ शकतो. टरफलात साधारण २५ ते ३० टक्के तेल असते. ते तापवले की त्यातल्या अॅनाकार्डिक आम्लाचे कार्डानॉल होते. कार्डानॉल हे फेनॉलच्या कुळातले. त्याची फॉर्मल्डिहाइड आणि डायइथेनॉलअमाइन यांच्याशी अभिक्रिया करून कडक फोमला चालणारे पॉलिओल बनवता येते. त्याचे वलय कोळसा धरायला मदत करते आणि त्यातले अमाइन उत्प्रेरकाचे काम काही अंशी स्वतःच करते. मात्र त्याला जोडलेली पंधरा कार्बनांची शेपटी चांगलीच जळते, त्यामुळे फॉस्फरसयुक्त ज्वालारोधकाची जोड द्यावीच लागते. अशी पॉलिओले बाजारात आहेत. वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी भागातल्या काजूप्रक्रिया उद्योगाला टरफले भट्टीत जाळण्यापेक्षा हा उपयोग नक्कीच मोठा आहे.

जुन्या फोमचा प्रश्न अजून सुटलेला नाही. भंगारात आलेल्या जुन्या फ्रिजच्या भिंतीत सीएफसी-११ किंवा एचसीएफसी-१४१बी अजून कोंडलेले असते. फोम फोडला की त्याचा काही भाग लगेच हवेत जातो, उरलेला वर्षानुवर्षे झिरपत राहतो. तांब्या-पत्र्यासाठी असा फोम उघड्यावर जाळला तर विषारी धूरही होतो. बंद यंत्रात फोम भरडून वायू वेगळा काढणे आणि उच्च तापमानाला नष्ट करणे हा त्यावरचा प्रस्थापित उपाय आहे. मोडीत काढलेल्या नौकांचा फोम मात्र फायबरला घट्ट चिकटलेला, खाऱ्या पाण्याने भिजलेला आणि तेलाने माखलेला असतो; तो वेगळा करणे फ्रिजपेक्षा कितीतरी अवघड.