जपानी जॅझ तबकड्या : संग्रह व श्रवण

जॅझच्या मूळ अमेरिकी ध्वनिमुद्रणांच्या जपानमध्ये निघालेल्या आवृत्त्या, तसेच जपानी वादकांच्या स्वतंत्र तबकड्या वापरलेल्या स्थितीत मिळवणे, जपणे व योग्य यंत्रावर ऐकणे, हा छंद. नागपूरसारख्या शहरात ऊन, कूलरची दमट हवा व वीजपुरवठा यांमुळे संग्रहाइतकेच निगेलाही महत्त्व येते.

भारतात जॅझ प्रथम मोठ्या हॉटेलांतून रुजला. लिऑन ॲबीचा वाद्यवृंद १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता. पियानोवादक टेडी वेदरफर्डची कोलकात्यातील ध्वनिमुद्रणे १९४० नंतरच्या काही वर्षांतली आहेत. १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरील विलिस कॉनोव्हरचा जॅझचा तास लघुलहरींवर ऐकू येऊ लागला आणि रेडिओ असलेल्या कोणत्याही गावी हे संगीत पोचले. १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला. नागपूर परिसरात जुनी तबकडी निघालीच तर सदर, रेल्वे वसाहती किंवा कामठी छावणीकडील घरसामानातून निघण्याचा संभव अधिक. ती बहुधा कोलकात्याजवळील डमडमच्या कारखान्यातली, म्हणजे भारतीय प्रेसिंग (साच्यात दाबून काढलेली प्रत) असते. जपानी माल बाहेरूनच मागवावा लागतो.

जपानमध्ये हा माल मुबलक आहे, कारण तेथे जॅझ मुख्यतः तबकडीवरून ऐकला गेला. आयात तबकडी सामान्य माणसाला परवडत नसे, तेव्हा ‘जॅझ किस्सा’ नावाच्या कॉफीगृहांत एका कपाच्या मोलात ती ऐकायला मिळे. पहिले किस्सा कोणते याविषयी एकमत नाही. टोकियोतील १९२९ च्या सुमाराचे ‘ब्लॅकबर्ड’ अनेकदा पुढे केले जाते. योकोहामाचे ‘चिगुसा’ १९३३ चे असून त्याची परंपरा अधिक स्पष्ट आहे. जपानी वादकांच्या तबकड्यांत १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘थ्री ब्लाइंड माइस’ या जपानी तबकडी कंपनीचे स्थान वरचे आहे. त्सुयोशी यामामोतो त्रिकुटाची ‘मिडनाइट शुगर’ (१९७४) ही त्यांची तबकडी पियानोच्या नैसर्गिक नादासाठी ध्वनियंत्रे पारखणाऱ्यांनी प्रमाण मानली. र्‍यो फुकुईची ‘सीनरी’ (१९७६) हिला मागणी बऱ्याच उशिरा आली.

प्रेसिंगच्या गुणवत्तेचा वाद. जपानी प्रेसिंग शांत असते, खरखर कमी असते, हे सर्वमान्य आहे. ते का, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार श्रेय कच्च्या मालाचे. तोशिबाने साधारण १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘एव्हरक्लीन’ हे लालसर पारदर्शक, स्थिरविद्युत रोखणारे मिश्रण वापरले. पुढे जेव्हीसीने सीडी-४ या चतुर्ध्वनी पद्धतीसाठी अधिक टणक व्हिनाइल (तबकडीचे प्लास्टिक) तयार केले, कारण त्या पद्धतीतील ३० किलोहर्ट्झची वाहक लहर साध्या खाचेत टिकत नव्हती. पण हे मिश्रण मर्यादित तबकड्यांसाठीच वापरले गेले. किंग वा निप्पॉन कोलंबिया या कंपन्यांची साधी तबकडीही शांत वाजते, तिचा उलगडा त्याने होत नाही. स्टँपर (तबकडी दाबण्याचा धातुसाचा) वेळेवर बदलणे, भंगार व्हिनाइल न मिसळणे आणि पहिल्या मालकाने नीट सांभाळणे ही कारणे अधिक पटणारी आहेत. १९७३ च्या तेलसंकटानंतर इतरत्र जुन्या तबकड्या दळून पुन्हा वापरल्या गेल्या, तेव्हा हा फरक आणखी ठळक झाला.

शांतता आणि नाद या मात्र दोन गोष्टी आहेत. बहुतेक जपानी आवृत्त्यांसाठी अमेरिकेहून मूळ फितीची प्रत येई आणि कटिंग (फितीवरून खाच कोरण्याचे काम) जपानमध्ये होई. प्रत काढताना फितीचा फुसफुसाट वाढतो. शिवाय जपानी कटिंगमध्ये खर्ज हलका आणि झांजा उजळ असल्याची तक्रार जुनी आहे. उलट बाजूचे म्हणणे असे, की अमेरिकी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने साध्या प्लेअरवर सुई उडू नये म्हणून मूळ कटिंगमध्येच खर्ज आवरला होता आणि मधल्या पट्टीला जोर दिला होता. जपानी कटिंग फितीशी अधिक प्रामाणिक आहे. दोन्हींत तथ्य आहे. सॅक्सोफोन व ट्रंपेटचा जोर हवा असेल तर मूळ अमेरिकी प्रत सरस ठरते. पियानो त्रिकूट किंवा मंद लयीतले वादन जपानी प्रतीत अधिक खुलते. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यात व्हॅन गेल्डरचा शिक्का आढळल्यास ती प्रत अमेरिकी धातुसाच्यावरून निघालेली समजावी. ब्लू नोट या अमेरिकी जॅझ कंपनीच्या मुद्रणांची किंग कंपनीने काढलेली मालिका साधारण १९७७ ते १९८३ मधली असून तिच्या क्रमांकांची सुरुवात जीएक्सके अक्षरांनी होते. किंगच्याच जीएक्सएफ ३००० मालिकेत अमेरिकेतही तोवर न निघालेली काही मुद्रणे आली, म्हणून ती विशेष मोलाची.

कालनिश्चितीसाठी ‘ओबी’ उपयोगी पडते. मुखपृष्ठाच्या डाव्या कडेला गुंडाळलेल्या या कागदी पट्टीवर येनमधील किंमत छापलेली असते. जपानमध्ये उपभोगकर १ एप्रिल १९८९ पासून लागू झाला. किंमत करासहित दाखवलेली असेल तर ओबी त्यानंतरची. ℗ चिन्हापुढील वर्ष मूळ मुद्रणाचे असू शकते, त्यावर विसंबू नये. पांढऱ्या लेबलावर ‘मिहोनबान’ असे जपानी लिपीत लिहिलेली तबकडी नमुना प्रत असते. ती आरंभीच्या स्टँपरची असण्याचा संभव असल्याने तिला जास्त भाव येतो.

खरेदीत तबकडी व मुखपृष्ठ यांचा दर्जा वेगवेगळा वाचावा. एक तबकडी मुखपृष्ठासह सुमारे पाव किलो भरते, म्हणून दहाबारा एकत्र मागवणे वाहतुकीला परवडते. तबकडी मुखपृष्ठाबाहेर काढून मागे ठेवण्यास विक्रेत्याला सांगावे, नाहीतर धक्क्याने मुखपृष्ठाची शिवण फाटते. माल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पोचेल असा बेत करावा. व्हिनाइल साठ अंशांच्या पुढे मऊ पडते आणि नवतपात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ते तापमान गाठले जाते. दाबाखाली असलेले पार्सल त्याआधीही वाकते.

साठवण. तबकड्या उभ्या, कलंडू न देता ठेवाव्यात. पश्चिमेची भिंत, स्लॅबखालचा माळा आणि ऊन लागणारे लोखंडी कपाट टाळावे. वरच्या मजल्यापेक्षा तळमजल्यावरची आतली खोली बरी. कूलरच्या झोतात मांडणी कधीही नको. वुडवूलच्या ताटीतून येणाऱ्या ओलाव्याने स्थिरविद्युत कमी होते खरी, पण मुखपृष्ठ फुगते, ओबी सुटते आणि पावसाळा लागताच बुरशी धरते. मऊ पीव्हीसीची जाड बाह्यवेष्टणे हा मोठा घात आहे : उष्णतेने त्यांतील प्लास्टिसायझर बाहेर येतो आणि तबकडीवर न निघणारा धुरकट डाग पडतो. पॉलिप्रॉपिलीनची वेष्टणे वापरावीत. कसरीसाठी डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत.

धुण्यासाठी ८०० मिलि डिस्टिल्ड पाणी, २०० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोग्राफीतल्या वेटिंग एजंटचे चारपाच थेंब पुरतात. लेबल कोरडे ठेवून मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवावा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने विसळून सावलीत उभी वाळवावी. बोअरचे पाणी वापरल्यास क्षार खाचेत बसतात आणि धुतलेली तबकडी अधिक खरखरते. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावू नये; लाख विरघळते.

वादन. जपानी टर्नटेबल १०० व्होल्टवर चालते. येथे सहज मिळणारा ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टचा असतो. त्यावर जुने यंत्र तापते, म्हणून १०० व्होल्टचा करून घ्यावा. वारंवारतेचा घोटाळा याहून मोठा. टोकियोकडे ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६० हर्ट्झ वीज आहे. एसी सिंक्रोनस मोटर (जिची गती विजेच्या वारंवारतेवर ठरते) व पट्टा असलेले ओसाकाकडचे यंत्र नागपुरात लावले तर ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे होतात आणि काळी चारचा सूर जवळजवळ पांढरी चारवर उतरतो. ट्रान्सफॉर्मरने हे सुधारत नाही, ५० हर्ट्झची पुली बसवावी लागते. क्वार्ट्झ नियंत्रित डायरेक्ट ड्राइव्ह (मोटरवरच थेट फिरणाऱ्या) यंत्रांना ही अडचण येत नाही.

जपानी कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) लवचिकता बहुधा १०० हर्ट्झवर मोजलेली असते. १० हर्ट्झचा आकडा काढण्यासाठी तिला दीड ते दोनने गुणतात. तसे न केल्यास गरजेपेक्षा जड आर्मशी (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीशी) चुकीची जोडी लागते. डेनॉन डीएल-१०३ ला सुमारे अडीच ग्रॅम भार व मध्यम ते जड आर्म लागतो. खोली चाळीस अंशांकडे गेली की सुईदांडीमागचे रबर सैल पडते, खर्ज फुगतो आणि भार बरोबर असूनही मोठ्या स्वरांवर नाद फाटतो. असा दोष उन्हाळ्यात दिसला तर सुई बदलण्याआधी खोली गार करून पुन्हा ऐकावे.

बाजूच्या शेवटी पियानो चरचरतो तो मात्र ऋतूचा दोष नसतो. बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला साधारण अर्धा मीटर धावते, आत २१ सेंटिमीटरच. कोनाची थोडी चूकही तेथे ऐकू येते. प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवण्याच्या पट्टीवर) मध्यापासून ६६ व १२०.९ मिमी या दोन बिंदूंवर कार्ट्रिज सरळ करून घ्यावे. कूलर चालू असताना मंद बासचे बोल बुडतात, म्हणून उन्हाळ्यात पहाटे किंवा एसीच्या खोलीत, आणि किस्सातल्याप्रमाणे एका वेळी एक पूर्ण बाजू ऐकणे सोयीचे.