आरोग्य कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य

रुग्णसेवा करणाऱ्या व्यक्तींनी आपले शारीरिक व मानसिक आरोग्य राखणे आणि त्यांना कामावर नेमणाऱ्या संस्थेने त्यासाठी लागणारी व्यवस्था करणे, या दोन्हींचा समावेश असलेली संकल्पना. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा व क्ष-किरण तंत्रज्ञ, कक्षसेवक, सफाई कामगार, रुग्णवाहिकांचे चालक आणि आशा स्वयंसेविका हे सर्व तिच्या कक्षेत येतात. महाराष्ट्रात ‘आरोग्यसेवक’ हे उपकेंद्रातील एका ठरावीक पदाचे नाव असल्याने येथे ‘आरोग्य कर्मचारी’ ही व्यापक संज्ञा योजली आहे.

दुसऱ्यासाठी चंदनासारखे झिजणे हा मराठी समाजाने फार पूर्वीपासून मोठेपणाचा मापदंड मानला आहे. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांना आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात पोहोचवले आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्यांचा मृत्यू झाला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले. १९४० च्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) झटक्यांनी ते गेले. अपस्मार असलेल्या माणसाला जागरणाने झटके येऊ शकतात, ही आज कोणत्याही वैद्यकीय विद्यार्थ्याला ठाऊक असलेली गोष्ट आहे. त्यांच्या बाबतीत तसेच झाले असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र त्यांच्या गौरवाच्या भाषणांत जागरणाचा उल्लेख जितक्या अभिमानाने होतो, तितका आजाराचा होत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्लेगच्या काळी हाताशी प्रतिजैविके नव्हती आणि युद्धभूमीवर बदलीचा डॉक्टर नव्हता. आजच्या रुग्णालयातील बरीचशी झीज मात्र टाळता येण्याजोगी असते, आणि त्यागाच्या भाषेमुळे नेमके तेच झाकले जाते.

वैद्यकीय नीतिशास्त्रात या विषयाला औपचारिक स्थान मिळाले ते अलीकडे. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९४८ मध्ये स्वीकारलेल्या जिनिव्हा जाहीरनाम्यात, म्हणजे डॉक्टरांच्या आधुनिक शपथेत, ऑक्टोबर २०१७ पर्यंत डॉक्टरच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी एक अक्षरही नव्हते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने, सर्वोत्तम दर्जाची सेवा देता यावी म्हणून मी माझे आरोग्य, स्वास्थ्य आणि क्षमता यांची काळजी घेईन, अशा आशयाचे कलम घातले गेले. येथेही स्वतःची काळजी रुग्णाच्या हितासाठीच घ्यायची आहे. डॉक्टर हाही माणूस आहे, एवढे कारण पुरेसे मानलेले दिसत नाही.

कामातून होणाऱ्या संसर्गाचा इतिहास याहून बराच जुना आहे. व्हिएन्ना येथे १८४७ मध्ये शवविच्छेदन करताना याकोब कोलेच्का या प्राध्यापकाच्या बोटाला विद्यार्थ्याच्या हातातील सुरीची जखम झाली आणि त्यातून पसरलेल्या संसर्गाने तो दगावला. त्याच्या शरीरातील बदल बाळंतज्वराने मेलेल्या स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या बदलांसारखेच आहेत, हे त्याचा मित्र इग्नाझ झेमेलवाइस याने ओळखले आणि त्यातूनच हात धुण्याचा नियम जन्माला आला.

आजही वापरलेली सुई टोचणे हा रुग्णालयातील अगदी नेहमीचा अपघात आहे. तो अनेकदा सुईला पुन्हा टोपण लावताना होतो: उजव्या हातातली सुई डाव्या हातातल्या टोपणाकडे नेताना ती चुकते आणि डाव्या तर्जनीत शिरते. म्हणून टोपण पुन्हा लावूच नये. अगदीच अपरिहार्य असेल तर टोपण ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुईवर उचलून घ्यावे, असे शिकवले जाते. दुसरा प्रकार अधिक दुःखदायक आहे, कारण त्यात चूक एकाची आणि जखम दुसऱ्याची असते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार सुया पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत टाकायचा असतो. घाईत एखादी सुई ट्रेमधल्या कापसाखाली राहून जाते, कापसाबरोबर पिवळ्या पिशवीत पडते आणि रात्री पिशवीचे तोंड बांधताना वॉर्डातल्या मावशींच्या तळहातात घुसते. सुई कोणत्या रुग्णाची होती, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नाही.

बाधित रुग्णाच्या रक्ताची सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीला हेपटायटिस बी (विषाणूंमुळे होणारा यकृताचा दाह) होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के, हेपटायटिस सी होण्याची सुमारे १.८ टक्के आणि एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के मानली जाते. भीती मात्र याच्या उलट क्रमाने वाटते: एचआयव्हीच्या धास्तीने रात्रभर न झोपणारा इंटर्न हेपटायटिस बीची तिसरी मात्रा घ्यायची विसरलेला असतो. ही लस ०, १ आणि ६ महिने अशा तीन मात्रांत घेतात. शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे तपासून ती प्रति मिलिलिटर १० मिलीएककांहून अधिक असल्याची खात्री करणे आवश्यक असते. हेपटायटिस सीवर लस नाही. टोचल्यानंतर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी, ती पिळू नये आणि बोट तोंडात घालू नये. एचआयव्हीप्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. या सर्व उपायांची सुरुवात घटना कळवण्यापासून होते, आणि ‘वरिष्ठ बोलतील’ या धाकापायी तेच राहून जाते.

श्वासावाटे होणाऱ्या संसर्गांत क्षयरोग हा भारतातील आरोग्य कर्मचाऱ्यांचा जुना शेजारी आहे. त्याला अडवण्यात एन-९५ मास्कइतकाच उघड्या खिडक्यांचा वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात कोविडमुळे जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी मृत्युमुखी पडले. क्ष-किरण विभागात काम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचे एकक) ही मर्यादा घातली आहे. मात्र किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला लॉकरमध्ये अडकवलेला असेल तर तो लॉकरलाच मोजत राहतो.

कामाचे तास हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त भाग होय. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर (रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर) योजनेत सलग काम साधारणतः १२ तासांपेक्षा आणि आठवड्याचे काम ४८ तासांपेक्षा अधिक नसावे असे म्हटले आहे. प्रत्यक्षात ‘इमर्जन्सी’च्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरलेला पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर दुसऱ्या दिवशीचा राउंड संपवून संध्याकाळी बाहेर पडतो, ही मोठ्या शासकीय रुग्णालयांत नवलाची गोष्ट नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली; ३२ वर्षांपूर्वीच्या ४८ तासांच्या तुलनेत ही प्रगती आहे की वस्तुस्थितीची कबुली, हे वाचकाने ठरवावे. न्यूयॉर्क राज्याने रुग्णालयात दगावलेल्या एका १८ वर्षांच्या तरुणीच्या प्रकरणानंतर १९८९ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा आणली आणि २००३ मध्ये ती संपूर्ण अमेरिकेत लागू झाली. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे प्रयोगांत दिसले आहे. नाइट संपवून दुचाकीवरून घरी निघालेल्या सिस्टरला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि २०१९ मध्ये पुन्हा, रात्रपाळीची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ गोष्टींत केली आहे. याशिवाय रुग्णांना उचलण्याने जडणारी कंबरदुखी आणि ओपीडी आटोपेपर्यंत पाणी न पिण्याच्या सवयीतून होणारे मूत्रमार्गाचे संसर्ग ही दुखणी सर्वत्र आढळतात. स्वच्छ प्रसाधनगृह जवळ नसेल तर ती सवय केवळ आळसाची म्हणता येत नाही.

कामातून येणाऱ्या मानसिक रितेपणाला मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ हे नाव दिले. क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याची तीन अंगे सांगितली: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयीचा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. यांतील दुसरे अंग वॉर्डाच्या भाषेत लवकर उमटते. ‘बारा नंबरचे सोडियम आले का?’ (म्हणजे बारा नंबरच्या खाटेवरील रुग्णाच्या रक्तातील सोडियमचा अहवाल) हा प्रश्न गर्दीच्या वॉर्डात सोयीचाच असतो. पण बारा नंबरच्या आजोबांचे नाव आठवेनासे झाले आणि त्याचे काही वाटेनासेही झाले, तर ते लक्षण मानावे. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला रोग न म्हणता कामाच्या ठिकाणाशी निगडित स्थिती म्हटले आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे उपाय व्यक्तीबरोबर व्यवस्थेतही शोधावा लागतो. प्राणायाम व ध्यानाचे वर्ग उपयोगी असतात. दोन रिक्त पदांचे काम मात्र त्यांनी हलके होत नाही. कठीण रुग्णांविषयी सहकाऱ्यांशी ठरवून, नियमितपणे बोलण्याची मायकेल बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये रुजवलेली पद्धत अनेक देशांत टिकून आहे. आपल्याकडे ते काम बरेचसे कँटीनमधला चहा करतो.

डॉक्टर स्वतः रुग्ण म्हणून सहसा गैरसोयीचे ठरतात. ते स्वतःच्या गोळ्या स्वतःच ठरवतात, सहकाऱ्याला व्हरांड्यात गाठून सल्ला घेतात आणि केसपेपर काढायचे टाळतात. मानसिक आजारात तर नोंद होण्याचीच भीती असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची शासकीय दूरध्वनी सेवा त्यांनाही खुली आहे.

आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करून तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. मुंबईच्या प्लेगमुळे १८९७ मध्ये झालेल्या साथरोग कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन साथकाळातील हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंतची शिक्षा आली. ऑगस्ट २०२४ मधील कोलकाता येथील निवासी डॉक्टरच्या हत्येनंतर चर्चा पुन्हा मूलभूत गोष्टींवर आली: रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरने पाठ टेकायची कोठे, आणि त्या खोलीला आतून कडी आहे का.

संरक्षणाच्या या व्यवस्था पदाच्या उतरंडीप्रमाणे विरळ होत जातात. २०१६ च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे आणि वर्षातून एकदा त्याची तपासणी करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे, मग तो कामगार कंत्राटी असला तरी. पण लसीची तिसरी मात्रा सहाव्या महिन्यात येते, आणि तोवर कंत्राटदार बदललेला असेल तर ती कोणी द्यायची, हे ज्याने त्याने दुसऱ्यावर सोडलेले असते.