आत्मवृत्त (शालेय लेखनप्रकार)

आत्मवृत्त : शालेय मराठीतील निबंधाचा एक प्रकार. यात विद्यार्थी एखादी वस्तू, वास्तू, झाड किंवा व्यक्ती होऊन प्रथमपुरुषी लिहितो. ‘पडक्या किल्ल्याचे मनोगत’, ‘मी नदी बोलतेय’, ‘फाटक्या पुस्तकाची कैफियत’ हे यातले पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले विषय. दहावीच्या कुमारभारतीत हा प्रकार ‘आत्मकथन’ या नावाने येतो.

शिकवण्याची रूढ रीत म्हणजे फळ्यावर मुद्दे मांडणे : जन्म, वैभवाचे दिवस, आजची दशा, खंत, अपेक्षा. सुरुवातही ठरलेली असते. लेखक फिरायला जातो, दमून बसतो आणि कुठूनसा आवाज येतो, ‘अरे, घाबरू नकोस, मीच बोलतोय!’ गाइडातून पाठ केलेली ही सुरुवात वहीमागून वहीत तशीच उतरते आणि पुढचा किल्लाही मग गाइडातलाच राहतो.

हा सराव फार जुना आहे. इसवी सनाच्या 4थ्या शतकात अँटिऑकच्या ॲफ्थोनियसने वक्तृत्वाच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रीकमध्ये 14 पूर्वाभ्यास लिहून ठेवले. त्यांतल्या एकात दुसऱ्याच्या तोंडून बोलायचे असते. त्याचा नमुना ग्रीक पुराणकथेतल्या निओबीचा : मुले मरून पडली आहेत, आता ही आई काय बोलेल? मांडणी वर्तमान, भूत, भविष्य अशी. आजची पडझड, कालचे वैभव, उद्याची अपेक्षा हा आपला साचा त्याच्याशी किती जुळतो!

मराठीत या लेखनाला व्याकरणाची एक गोड अडचण आहे. नदी ‘बोलतेय’, किल्ला ‘बोलतोय’; पण झाड आणि पुस्तक नपुंसकलिंगी. ‘मी’ म्हणणारे नपुंसकलिंगी कुणी रोजच्या बोलण्यात भेटत नाही, म्हणून मुले बहुधा ‘मी झाड बोलतोय’ असे लिहितात. यावर वर्गात पाच मिनिटे बोलले, तर लिंग-वचनाचा धडा आपोआप होतो. निर्जीव वस्तूला सजीव मानणारा चेतनगुणोक्ती अलंकारही इथेच हाताशी येतो.

खरे शिकवायचे ते मात्र वेगळे : बोलणाऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही. एसटीचा थांबा घ्या. त्याला वाट पाहणारी माणसे ठाऊक. गाडी वळणाआड गेली की त्याचे ज्ञान संपले. ‘परीक्षेला निघालेली मुलगी मी पाहिली, तिचा निकाल मला कुणी सांगितला नाही’ हे वाक्य ती मर्यादा पाळली तरच सुचते.