प्राणायाम शिकायला येण्यापूर्वी

आमच्या वर्गात नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक आम्ही आधी देतो. पहिल्या दिवसापूर्वी ते निवांत वाचा.

कपालभाती कधी शिकवणार, असं बरेच जण पहिल्याच भेटीत विचारतात. पहिला महिना कपालभाती नाही, भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास घेणं-सोडणं, नाही आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, तर नाहीच. हठयोगात कपालभाती ही षट्कर्मांतली, म्हणजे शरीर शुद्ध करण्याच्या सहा क्रियांमधली, एक क्रिया मानली आहे, प्राणायाम नव्हे. महिनाभर आपण मुख्यतः एकच गोष्ट शिकणार आहोत : श्वास सावकाश सोडणं.

त्याला कारण आहे. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो आणि एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा आत जाते. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. श्वास उथळ आणि घाईचा असला की आत घेतलेल्या हवेतला हा वाया जाणारा वाटा वाढतो. प्राणायामाने रक्तातला ऑक्सिजन खूप वाढतो, असं तुम्ही ऐकलं असेल. पण निरोगी माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण एरवीही ९५ टक्के किंवा त्याहून जास्त असतं, तिथे वाढायला फारशी जागाच नाही. आमच्या मते खरा लाभ वेगळा आहे. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. मनगटावर बोटं ठेवून संथ श्वास घेतलात तर अनेकांना हे स्वतःलाच जाणवतं. उच्छ्वास लांबला की शरीराला विसावा देणारी मज्जासंस्था अधिक काम करू लागते, म्हणून मनही निवतं.

सुरुवात पाठीवर झोपून करा. गुडघे दुमडा, एक हात छातीवर आणि एक बेंबीवर ठेवा. नाकाने श्वास घेताना बेंबीवरचा हात वर यावा, छातीवरचा जवळपास स्थिर राहावा. पोट मुद्दाम फुगवायचं नाही. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली सरकलं की ते आपोआप वर येतं. हे जमलं की मनात तीन अंक मोजत पूरक, म्हणजे श्वास आत घेणं, आणि चार अंक मोजत रेचक, म्हणजे श्वास सोडणं, करा. पुढे सहज जमेल तसा रेचक वाढवत न्या. पुढचा श्वास हपापून घ्यावा लागला, तर तुमचे अंक जास्त झाले; एक कमी करा. शेजारचा किती मोजतोय याकडे अजिबात पाहू नका.

अनुलोम-विलोम त्यानंतर. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा दुमडा. अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने श्वास घ्या, मग अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडा. उजवीनेच घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन झालं. नाकपुडी अलगद मिटायची, चेपायची नाही. एक बाजू दुसरीपेक्षा मोकळी वाटली तर घाबरू नका, ती दिवसभरात बदलत राहते. सर्दीने नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी हा भाग सोडून द्या.

जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालते, पाठ मात्र ताठ हवी.

चक्कर आली, बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच थांबा. जोरजोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर गेला, की बहुतेक वेळा असं होतं. नेहमीसारखा श्वास चालू द्या आणि शिक्षकांना सांगा. छातीत दुखलं किंवा त्रास थांबला नाही, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा, अपस्मार (फिट येणं), काचबिंदू, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चालू औषधं स्वतःहून बंद करू नका. ही माहिती नोंदणी अर्जात लिहा. सगळ्यांसमोर सांगायला संकोच वाटत असेल, तर वर्गाआधी येऊन शिक्षकांशी एकट्याने बोललात तरी चालेल.